वस्तीवरच्या विहिरीतलं नायट्रेट : एका विद्यार्थी प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून पदवीच्या विद्यार्थ्यांना फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटचे क्रेडिट मिळवावे लागतात. पुष्कळ ठिकाणी त्याची वाट ठरून गेली आहे: चाळीस प्रश्नांची प्रश्नावली, गावात दोन रविवार, गुगल फॉर्म, चार रंगीत आलेख, स्पायरल बाइंडिंग. गावंही आता सरावली आहेत. हातात वही घेतलेली पोरं अंगणात दिसली की माणसं न विचारता आधार कार्ड आणायला आत वळतात.

हे प्रकरण भीमेच्या खोऱ्यातल्या एका कमी पावसाच्या तालुक्यातलं आहे. तालुक्याच्या गावचं कॉलेज, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचा पाच जणांचा गट, मार्गदर्शक रसायनशास्त्राच्या मॅडम. गाव, कॉलेज आणि माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. गाव दुधाचं आणि कांद्याचं. घरटी दोन-चार संकरित गाई, आणि पाणी असेल तिथं कांदा.

गटाचा मूळ विषय होता प्लास्टिक कचरा. पहिल्याच भेटीत गावच्या आरोग्य स्वयंसेविका आशाताईंनी तो निकालात काढला. "सर्व्हे लई झाले. पाणी तपासून देता का?" ग्रामपंचायतीच्या कपाटात पाणी तपासायचा संच होता. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना हा संच वापरायला शिकवायचं असतं. इथंही शिकवलं होतं, सह्यांचा कागद फाइलीत होता. पण रसायनांची मुदत उलटून गेली होती आणि शिकलेल्या पाचांपैकी दोघी लग्न होऊन परगावी गेल्या होत्या. मॅडमनी कॉलेजच्या खर्चातून नवा संच मागवला आणि प्लास्टिकचा विषय बाजूला ठेवला. ही सोपी गोष्ट नव्हती. विषय बदलायचा म्हणजे विभागात पुन्हा अर्ज, पुन्हा मंजुरी, आणि सेमिस्टरचे तीन आठवडे गेलेले.

गावठाणाला ओढ्याकाठच्या ग्रामपंचायतीच्या विहिरीचं पाणी टाकीतून नळाला येतं. शिवाय पाच रुपयांत वीस लिटर देणारं आरओ यंत्र आहे. अडचण गावठाणाबाहेर होती. दोन किलोमीटरवरच्या वस्तीला नळ पोचलेला नाही. तिथली दहा-बारा घरं एका शेतकऱ्याच्या विहिरीवर आहेत. त्यांतली बरीचशी भूमिहीन, कांदा काढणीला आणि गोठ्यावर कामाला जाणारी. विहिरीच्या मालकांना सगळी वस्ती आबा म्हणते. आबा पाण्याचा पैसा घेत नाहीत. दुष्काळात टँकर येईपर्यंत वस्ती जगली ती याच विहिरीवर, हे तिथं प्रत्येक जण सांगतो.

समस्या

फेब्रुवारीत मुलांनी सहा ठिकाणचं पाणी तपासलं: आबांची विहीर, शाळेची बोअर, नळ, आरओ आणि दोन खासगी विहिरी. नायट्रेटच्या चाचणीत पाण्यात पुडी टाकून हलवलं की गुलाबी रंग येतो. तो रंग छापील पट्टीवरच्या चौकोनांशी जुळवायचा; जितका गडद, तितकं नायट्रेट जास्त. आबांच्या विहिरीचा रंग २० च्या चौकोनाशी जुळला. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० ची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. वीस म्हणजे निम्म्याहून कमी. मुलांनी निघता निघता सरपंचांना सांगितलं, "पाणी चांगलं आहे." सरपंचांनी ते संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलंही.

दोन दिवसांनी वही नीट उतरवताना गटातल्या एका मुलीनं पट्टीच्या कडेची बारीक अक्षरं वाचली. त्यावरचे आकडे 'ॲज नायट्रोजन' होते. म्हणजे पट्टी नायट्रेट मोजत नव्हती, नायट्रेटमधला नुसता नायट्रोजन मोजत होती. नायट्रेटचा रेणुभार ६२, त्यात नायट्रोजन १४; म्हणून आकड्याला ४.४३ नं गुणावं लागतं. वीसचे झाले सुमारे ८९. मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. आणि तोपर्यंत 'पाणी चांगलं आहे' हे गावभर झालं होतं.

नायट्रेटचा घोळ हाच आहे की ते दिसत नाही. रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही. धोका मुख्यतः सहा महिन्यांच्या आतल्या आणि वरचं दूध पिणाऱ्या बाळांना. पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं आणि बाळ निळं पडू लागतं. विहिरीचं पाणी आणि हा आजार यांचा संबंध १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी मांडला. आईच्या अंगावरच्या दुधातून बाळाला हा धोका सहसा पोचत नाही. पाणी घालून पातळ केलेल्या दुधातून पोचतो. गावोगाव ज्या उपायांवर भिस्त असते ते इथं चालत नाहीत. टीसीएल (क्लोरीनची) पावडर टाकली तरी नायट्रेट जात नाही, तुरटीनं जात नाही, आणि पाणी उकळलं तर वाफ निघून जाते नि नायट्रेट मागे राहतं, म्हणजे उलट दाट होतं.

वस्तीवर तेव्हा एक पाच महिन्यांचं बाळ होतं. आईला दूध कमी, म्हणून पाणी घातलेलं गाईचं दूध चालू होतं. काळजीपोटी घरचे ते पाणी रोज दहा मिनिटं उकळत होते.

दुसरी बाजू आबांची. त्यांचा गोठा विहिरीच्या चढाच्या अंगाला, आणि गोठ्यालगत वर्षानुवर्षांचा उकिरडा. या भागात बेसाल्टचा खडक. वर मुरूम, खाली भेगा. पाण्याला गाळून निघायला जागाच नसते, भेगेतून ते सरळ विहिरीत उतरतं. त्यामुळे मुलांची पहिली प्रतिक्रिया होती, कारण सापडलं. पण ते जाहीर केलं की पुढं काय होईल? पाणी फुकट देणारा माणूस गावात आरोपी होणार. डेअरीत दूध घालताना फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मोजतात, नायट्रेट कुणी मोजत नाही. पण अफवेला मोजमाप लागत नाही. आणि आबांनी रागानं विहिरीवर कुलूप लावलं तर वस्तीनं प्यायचं काय?

विचारात घेतलेले पर्याय

मॅडम आणि मुलं कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसली. ती चर्चा तासाभराची असली तरी प्रकल्पातलं खरं काम तिथं झालं असं माझं मत आहे.

एका मुलाचं म्हणणं होतं, अहवालात लिहू आणि ग्रामपंचायतीला प्रत देऊ. आपलं काम संशोधन, अंमलबजावणी नव्हे. नियमाला धरूनच होतं ते. पण अहवाल एप्रिलच्या शेवटी जमा व्हायचा होता, आणि बाळ आज दूध पीत होतं.

दुसरा पर्याय १ मेच्या ग्रामसभेत निष्कर्ष वाचून दाखवण्याचा. ऐकायला लोकशाहीला धरून वाटतो. गावची ग्रामसभा बघितलेल्यांना ठाऊक आहे, तिथं पाण्याचा विषय निघाला की दहा मिनिटांत तो पाण्याचा राहत नाही. येत्या निवडणुकीत आबांचा पुतण्या उभा राहणार, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

तिसरा, आधी सरकारी प्रयोगशाळेतून खात्री करून घ्यावी आणि तोवर तोंड बंद ठेवावं. मॅडमचा कल आधी इकडे होता. संचाच्या पट्टीवरचा रंग डोळ्यांनी जुळवलेला. एकदा चुकीचं सांगून झालं होतं, दुसऱ्यांदा चुकलं तर मुलांना गावात पाय ठेवता आला नसता. पण भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना जायचा तर तो ग्रामपंचायतीमार्फत, पत्रासह, आणि अहवाल यायला वेळ लागणार.

गटातल्या एका मुलीचा प्रश्न सगळ्यांना अडवणारा ठरला. ती म्हणाली, "मॅडम, खात्री कुणासाठी हवीय? आबांना दोष द्यायचा तर हवीच. पण बाळाला दुसरं पाणी द्या एवढं सांगायला किती खात्री लागते?" यातून चौथा पर्याय पुढे आला: सगळ्यांना एकदम आणि सारखं सांगायचंच नाही. ज्याला जे कळणं निकडीचं आहे ते त्याला आधी, आणि कारणाबद्दलचं बोलणं पुराव्यानंतर.

वर्तमानपत्राच्या वार्ताहराला कळवण्याची सूचनाही आली होती. ती लगेच बारगळली. मात्र मॅडमनी तेव्हाच सगळ्यांच्या फोनमधले विहिरीचे आणि गोठ्याचे फोटो एका ठिकाणी घेऊन बाकीचे पुसायला लावले.

काय केलं

सर्वांत आधी, त्याच दुपारी, सरपंचांना फोन. गटप्रमुख मुलानं स्वतः सांगितलं की आम्ही आकडा चुकीचा वाचला, पाणी चांगलं आहे असं आज म्हणता येत नाही, पुन्हा तपासतोय. सरपंच चिडले. ग्रुपवरचा संदेश त्यांनी काढला, पण दुरुस्ती टाकली नाही.

दुसऱ्या दिवशी दोन मुली आशाताईंबरोबर बाळाच्या घरी गेल्या. बोलल्या आशाताईच. विहिरीचं नाव काढलं नाही. "ह्या महिन्यात पाण्याचा काय भरवसा नाय, बाळाला आरओचंच घे. आणि उकळून हे जात नाय बरं, उगं सरपण जाळू नको." ओठ किंवा नखं निळसर दिसली तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं, हेही सांगितलं. मुलींनी पहिला जार स्कूटीवरून नेऊन दिला. अंगावरचं दूध वाढावं म्हणून आईच्या जेवणाकडे बघणं आशाताईंनी स्वतःकडे घेतलं.

त्याच आठवड्यात नवे नमुने घेतले. या वेळी प्रत्येक ठिकाणच्या दोन बाटल्या, त्याच पाण्यानं तीनदा विसळलेल्या, बर्फाच्या डब्यात. कॉलेजच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (पाणी किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) पोटॅशियम नायट्रेटची प्रमाण द्रावणं करून २२० नॅनोमीटरला वाचन घेतलं, आणि पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांमुळे आकडा फुगू नये म्हणून २७५ लाही. आबांच्या विहिरीचं नायट्रेट मर्यादेच्या वरच निघालं. शाळेची बोअर मर्यादेच्या काठावर. आरओचं पाणी निर्धोक. एक गोष्ट मुलांनी नोंदली आणि तिच्याकडे पुढे कुणी पाहिलं नाही: आरओनं नायट्रेटसकट बाहेर टाकलेलं पाणी गटारातून ओढ्याला जातं, आणि ग्रामपंचायतीची विहीर ओढ्याकाठीच आहे.

मग आबा. मॅडम, गटप्रमुख आणि ती प्रश्न विचारणारी मुलगी असे तिघंच गेले. आबांनी चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्याच पाण्यावर माझा बाप नव्वदीपर्यंत जगला."

मुलगी वाद घालायच्या भरीस पडली नाही. तिनं विचारलं, "आबा, तुमच्या हातानं पाणी शेंदून देता का?" विहिरीवर मोटर होती, पण कडेला जुनी बादली-दोर होती. आबांनी पाणी काढलं. एका नळीत ते, दुसरीत सोबत आणलेलं आरओचं. दोन्हींत पुडी. काही मिनिटांत विहिरीचं पाणी गुलाबी झालं, दुसरं जवळपास पांढरंच राहिलं.

"रंग टाकला असंल तुम्ही," आबा म्हणाले.

"मग तुम्हीच टाका." तिनं संच त्यांच्यापुढे केला. आबांनी नळ्या धुतल्या, पाण्याची अदलाबदल केली, पुड्या फोडल्या. या खेपेला दुसरी नळी गुलाबी झाली. ते बराच वेळ नळी उन्हात धरून बघत राहिले आणि शेवटी विचारलं, "गाईंना चालतंय का हे?"

हा प्रश्न मुलांच्या तयारीत नव्हता. जनावरं माणसापेक्षा जास्त नायट्रेट सोसतात, पण चाऱ्यातलं आणि पाण्यातलं मिळून मोजावं लागतं, एवढं मॅडमना सांगता आलं. बाकी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारू, असं ठरलं. बोलणं इथून सरळ झालं. उकिरडा हलवायची गोष्ट आबांनीच काढली. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावावरून आलेल्या, शेणकचऱ्याचं खत करायच्या नाडेप टाकीबद्दल ग्रामपंचायतीत विचारावं, असं मुलांनी सुचवलं. आबांच्या मुलानं टाकी बांधली नाही. विहिरीच्या उताराच्या अंगाला खड्डा घेऊन तळाला जाड प्लास्टिकचा कागद अंथरला आणि उकिरडा तिथं नेला.

राहिला वस्तीच्या पाण्याचा प्रश्न. दोन किलोमीटर जार आणणार कोण? मुलांनी सौर पंपापासून फिरत्या टाकीपर्यंत बरंच काही कागदावर मांडलं होतं. उत्तर वस्तीवरच्या एका काकूंनी दिलं. दूध गोळा करणारा टेम्पो रोज सकाळी गावातून रिकामे कॅन घेऊन वस्तीवर येतो. येताना त्यात जार का घालायचे नाहीत? टेम्पोवाला घरटी महिन्याला थोडे पैसे ठरवून तयार झाला. ग्रामपंचायतीनं वस्तीला प्यायच्या पाण्यापुरती आरओची कार्डं दिली.

परिणाम

बाळ आठ महिन्यांचं झालं तेव्हा ठणठणीत होतं. नायट्रेटमुळे त्याला काही होणारच होतं आणि ते टळलं, असा दावा गटानं अहवालात केला नाही, आणि ते योग्यच झालं.

प्रकल्पाला गुण एप्रिलमध्ये मिळाले. सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल जूनमध्ये आला. नायट्रेट मर्यादेबाहेर असल्याचं त्यातही होतं. त्या वेळी गटातल्या दोघांची परीक्षा संपून ते घरी गेले होते आणि अहवालाची प्रत ग्रामपंचायतीत कुणाच्या हातात पडली ते समजायला मॅडमना दोन खेपा घालाव्या लागल्या.

ऑक्टोबरमध्ये मॅडमनी पुढच्या वर्षाच्या मुलांकडून पुन्हा नमुने घेतले. आबांच्या विहिरीचा आकडा फेब्रुवारीपेक्षा वाढला होता.

आबा भडकले. "उकिरडा हलवला, वर बोलणी खाल्ली, तरी वाढलंच?" त्यांचा राग अनाठायी नव्हता. वर्षानुवर्षं मातीत आणि मुरमात मुरलेलं नायट्रेट पावसाळ्यात धुऊन खाली उतरतं. उकिरडा उचलल्यानं ते लगेच थांबत नाही. शिवाय विहिरीच्या वरच्या अंगाला कांद्याची शेतं आहेत. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीत २० किलोंहून जास्त. पीक घेईल तेवढं घेतं, उरलेलं पाण्याबरोबर खाली जातं. शेणाचा वाटा किती आणि युरियाचा किती, हे मुलांच्या चाचणीतून सांगता येण्यासारखं नव्हतं; त्यासाठी नायट्रोजनच्या समस्थानिकांची, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची, तपासणी लागते. तरीही पहिल्या गटाच्या अहवालात 'प्रमुख कारण: उकिरडा' असं ठळक अक्षरांत छापलं होतं.

जारचा टेम्पो चालू आहे, पण कांदा लागवडीच्या दिवसांत तो कधी कधी थेट बाजाराला जातो आणि वस्ती विहिरीवर येते. दोन घरं पैसे देत नाहीत; त्यांचे जार शेजारणी भरतात. विहिरीला कुलूप लागलेलं नाही.

निर्णयाच्या जागा : काय वेगळं करता आलं असतं

एकक न बघण्याची चूक टाळण्याजोगी होती, पण मला ती दुय्यम वाटते. संचाची पट्टी आणि मानकाचा तक्ता शेजारी ठेवून पहिल्याच दिवशी एक कागद केला असता तर ती झाली नसती. त्याहून मोठी उणीव अशी की नमुना घेण्याआधी कुणीच आबांशी बोललं नव्हतं: तपासणीत वाईट निघालं तर काय? कुणाला सांगायचं, आधी कुणाला, लेखी की तोंडी? पाणी आबांचं आणि पिणारी वस्ती, मग आकडा कुणाचा? हे बोलणं बाटली भरण्याआधी, निकाल माहीत नसताना सोपं असतं. नंतर ते सौदेबाजीसारखं होतं.

टप्प्याटप्प्यानं सांगण्याचा निर्णय बाळापुरता निर्विवाद होता. पण त्याला दुसरी बाजू आहे. वस्तीवरच्या इतर घरांना नेमकं कारण आबांशी बोलणं होईपर्यंत, म्हणजे जवळपास दोन आठवडे, कळलं नाही. त्यांतल्या एका मावशींनी नंतर मॅडमना विचारलं, "आम्ही काय परके होतो?" बाळासाठी सावधगिरीचा निरोप जातो तेव्हाच तो साऱ्या वस्तीला देता आला असता, कारण आणि दोष मागे ठेवूनही.

कारण शोधण्याचं म्हणाल, तर चढाच्या बाजूची एखादी गोठा नसलेली विहीर तुलनेला घेतली असती तरी 'उकिरडा' हा शब्द ठळक अक्षरांत छापायला हात धजावला नसता. डोळ्यांसमोर दिसणारं कारण आणि सिद्ध झालेलं कारण यांतली ओढाताण दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी ओळखावी ही अपेक्षा जास्त आहे. अहवाल तपासणाऱ्यांनी ओळखायला हवी होती.

आणि सेमिस्टर. पाण्याचं वर्ष जूनला सुरू होतं, सरकारी अहवाल आपल्या चालीनं येतो, गुण मात्र एप्रिलमध्ये. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात देशातल्या ४४० जिल्ह्यांमध्ये मर्यादेपेक्षा जास्त नायट्रेट आढळल्याची नोंद आहे. म्हणजे अशा वस्त्या आणि अशा विहिरी कॉलेजांना पुष्कळ सापडतील. गुणांपैकी काही भाग निष्कर्ष गावाला परत सांगण्यासाठी आणि काम पुढच्या गटाकडे सोपवण्यासाठी राखून ठेवणं विभागाच्या हातात आहे. या कॉलेजात आता वीस गुण त्यासाठी आहेत. वस्तीवरच्या तीन बायकांना नवा संच वापरायला शिकवणं त्यांतच धरलं आहे, आणि संचातली रसायनं कधी मागवायची याचा तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

नव्या गटानं चढावरची विहीर धरून पाच विहिरी निवडल्या आहेत. पावसाआधी आणि पावसानंतर, दोन्ही वेळा मोजणार. आबांनी पुन्हा परवानगी दिली ती एका अटीवर: वरच्या अंगाच्या कांदेवाल्याची विहीरही यादीत हवी, आणि त्याच्या पाण्यात पुडी टाकायची ती त्याच्याच हातानं.